पांढऱ्या रविवारची पंगत

माझ्या मुलीला, फोलोलेला, पहिली फिट आली ती जुलैत, दुपारच्या जेवणानंतर, घरात पाच मोठी माणसं असताना. पाचही जणांनी ती पाहिली आणि प्रत्येकाने वेगळी पाहिली. आमच्या घराला भिंती नाहीत. खांब आहेत आणि वर छप्पर आहे. त्यामुळे रस्त्याने चाललेल्या दोघांनी आणि समोरच्या दुकानदारानेही ती पाहिली. संध्याकाळपर्यंत गावात तिच्या दहा-अकरा आवृत्त्या झाल्या होत्या. त्यातली माझी सगळ्यात नीरस: मुलगी चटईवर बसली होती, डोळे वर गेले, आडवी झाली, हातपाय झटकले, दोन मिनिटांनी थांबली आणि गाढ झोपली. मी शेतकी खात्यात आहे. नारळाच्या झाडांना लागणाऱ्या भुंग्यांवर दर तीन महिन्यांनी अहवाल लिहितो. दिसलं तेवढंच लिहायची सवय आहे.

यानेताताईंची आवृत्ती जास्त चालली. "केस मोकळे सोडले होते पोरीने. कानामागे लाल फूल. आणि वेळ भर दुपारची," ताई म्हणाल्या. "टेकडीवरच्या बाईला आणखी काय आमंत्रण पाठवायचं राहिलं होतं?"

टेकडीवरची बाई कोण, हे आमच्या सामोआत कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. देखण्या मुलींवर तिचा डोळा असतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. फोलोले नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, गुडघ्यांवर कायम खरचटलेलं. त्या बाईची आवड मला जरा विचित्र वाटली. पण मी काही बोललो नाही, कारण यानेताताई माझी मोठी बहीण. आमच्यात भाऊ बहिणीपुढे आवाज चढवत नाही, तिला अरे-तुरे करत नाही, ती बसली असेल त्या चटईवर पाय पसरत नाही. ती म्हणेल ते बरोबर असतं. शिवाय ताई विधवा आहेत आणि चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत, म्हणजे तीन बाजूंनी बरोबर. उलट लग्न होऊन घरात आलेली बायको सगळ्यांच्या हाताखाली. माझी बायको माकेरिता गेली अकरा वर्षं ताईंच्या हाताखाली आहे. मी दोघींच्या मध्ये आहे, म्हणजे खरं तर कुठेच नाही.

दुसरी फिट ऑगस्टमध्ये आली, शाळेत, पाढे म्हणताना. मग आम्ही राजधानीत, आपियाच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होती. तिने डोक्याला तारा लावून एक तपासणी केली, कागदावरच्या नागमोडी रेघा पाहिल्या आणि तीन गोष्टी सांगितल्या. हा अपस्मार आहे, यात कुणाची चूक नाही. गोळी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एकदाही चुकवायची नाही. आणि पाण्यात एकटीला सोडायचं नाही.

बेटावर राहणाऱ्या माणसाला ही तिसरी गोष्ट सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला.

"बरी होईल ना?" माकेरिताने विचारलं.

"बऱ्याच मुलांची थांबते. काहींची नाही थांबत. दोन वर्षं गोळी घेऊ, मग बघू."

परतीच्या बसमध्ये फोलोले आमच्या दोघांच्या मांडीवर अर्धी अर्धी बसली होती. "मी मरणार आहे का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग पांढऱ्या रविवारी मी म्हणणार ना? चार ओळी मिळाल्यात मला. मागच्या वर्षी दोनच होत्या."

पांढरा रविवार ऑक्टोबरात येतो, आणि तो पोरांचा. त्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठांतर म्हणतात, आणि घरी आल्यावर आधी ती जेवतात. एरवी आधी मोठे जेवतात, पोरं वाढतात, वारा घालतात, आणि उरलं तर खातात. त्या एका दिवशी मोठी माणसं वाढतात आणि पोरं हुकूम सोडतात. वर्षभर पोरं त्या रविवारची वाट बघतात आणि मोठी माणसं सोमवारची.

"म्हणशील," मी म्हणालो.

सुरुवात बरी झाली. गोळ्यांची पिशवी माकेरिताने स्वयंपाकाच्या झोपडीत टांगली. सकाळी एक, संध्याकाळी एक, तीच द्यायची. तीन आठवडे काही झालं नाही. झोपताना मी एका जुन्या लुंगीची पट्टी फाडून तिचं एक टोक फोलोलेच्या घोट्याला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधत असे, म्हणजे फिट आली तर मला कळावं. फिट आली नाही, पण फोलोले कूस बदलायची, डास मारायची, स्वप्नात कुणाला तरी लाथा घालायची, आणि प्रत्येक वेळी मी उठून बसायचो. "बाबा, तुझ्यामुळे मला शू करायला जाता येत नाही," ती एकदा म्हणाली. "मागून ओढत येतोस म्हशीसारखा." कचेरीत मी एकाच भुंग्याची नोंद तीनदा केली आणि साहेबांनी विचारलं की या भुंग्याशी माझं काही नातं आहे का.

मग माकेरिताचे मामा गेले आणि ती दोन दिवस माहेरच्या गावी गेली. मला वाटलं गोळी ताई देतील. ताईंना वाटलं घरातल्या सेफिनाकाकू देतील. काकूंना वाटलं, बाप घरात आहे की. दुसऱ्या दिवशी दुपारी फोलोले नळाजवळच्या पायरीवर पडली आणि हनुवटीला पाच टाके पडले.

त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेनंतर मी भाषण केलं. काकूंचे नवरे आउमुआकाका पुढे बसले होते. ते आमच्या कुटुंबाचे प्रमुख, म्हणजे मतई, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची परवानगी घेऊन मी बोललो. टाक्यांबद्दल बोललो, मेंदूबद्दल बोललो, डॉक्टर काय म्हणाली ते सांगितलं. शेवटी म्हणालो, "एकही गोळी चुकता कामा नये. आणि ही जबाबदारी एकट्या तिच्या आईची नाही. ही जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे."

सगळे आमेन म्हणाले. सेफिनाकाकूंनी डोळे पुसले. मला वाटलं, छान बोललो. कॉलेजात शिकल्याचा हा एक तोटा आहे. आपण छान बोललो की आपल्या लगेच लक्षात येतं.

त्यानंतर फिट आली नाही. पण फोलोले बिघडत चालली.

आधी ती वर्गात झोपायला लागली. मग चालताना झोक जायला लागला. अंगण ओलांडायला तिला सरळ रेघ सापडेना. बोलणं जड झालं, जेवण नको म्हणायला लागली. हातात कोकोचा कप दिला की अर्धा कप चटईवर. मी भुंग्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर तारखा लिहू लागलो. 'सोमवार, दोनदा अडखळली. मंगळवार, चपला उलट्या घातल्या. बुधवार, उलटी.' खाली 'निष्कर्ष' असं लिहून जागा मोकळी सोडत होतो.

एका रविवारी चर्चमधून येताना ती म्हणाली, "आज दोन पाद्री होते."

"एकच होते, फोलो."

"दोन होते. शेजारी शेजारी. दोघं एकदम बोलत होते."

काका मागून चालत होते. "देवा," ते म्हणाले, "एकाचंच प्रवचन दीड तास चालतं."

ताईंना मात्र त्यात संकेत दिसला. महिला मंडळात त्यावर दोन बैठका झाल्या. मी वहीत लिहिलं, 'दोन पाद्री.' दवाखान्याला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. पुढची तारीख ऑक्टोबरच्या शेवटी होती. आणखी एक भानगड झाली होती. महिन्याच्या गोळ्या वीस दिवसांतच संपल्या. मोजून देणाऱ्याने कमी दिल्या असणार, असं ठरवून मी दवाखान्याला दीड पानी तक्रार लिहिली, कचेरीच्या भाषेत, क्रमांक घालून. औषधांच्या खिडकीतल्या बाईने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता नवी पिशवी दिली. मी जिंकल्यासारखा घरी आलो.

पांढऱ्या रविवारच्या आधीच्या सोमवारी प्रार्थना झाल्यावर काकांनी घसा साफ केला. काकांनी घसा साफ केला की घरात निर्णय झालेला असतो.

"पोरीला ऑकलंडला पाठवायचं," काका म्हणाले. "लेपेकाकडे. तिला मूलबाळ नाही, तिथे मोठे डॉक्टर आहेत. पांढरा रविवार झाला की बघू कुणाबरोबर जाते ते."

लेपेका आमची चुलत बहीण, तिकडे वृद्धाश्रमात काम करते. चांगली बाई आहे. ऑगस्टपासून तिची दोन खोकी आली होती: फोलोलेला पांढरा फ्रॉक, डब्यातलं मांस, आणि ताईंच्या नावाने एक बांधलेलं पुडकं. आमच्याकडे एका घरचं मूल दुसऱ्या घरी वाढतं यात कुणाला काही वाटत नाही. मी स्वतः सात वर्षं मावशीकडे होतो. गेलेलं मूल परत येतं, फक्त तेव्हा ते तुम्हाला पाहुण्यासारखं नमस्कार करतं. मी माझ्या आईला तसाच केला होता.

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "आपियाचं औषध म्हणजे नुसतं पाणी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की झोपेने, हे मलाही सांगता आलं नसतं.

माकेरिता भांडी घासत होती. नवऱ्याच्या घरच्या बैठकीत तिला बसायची जागा आहे, बोलायची नाही. मी मागे स्वयंपाकाच्या झोपडीत गेलो तेव्हा ती एकच पातेलं घासत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मान हलवलीस," ती म्हणाली.

"काकांनी ठरवलं."

"काकांनी ठरवलं ते मी ऐकलं. तू काय ठरवलंस?"

"तिथे डॉक्टर चांगले आहेत, माकेरिता. ती बिघडत चाललीय. तुला दिसत नाही?"

"मला दिसतं. मी तिला आंघोळ घालते." तिने पातेलं पालथं घातलं. "तुला झोप हवी आहे."

मी शेजारचं दुसरं पातेलं पुसायला घेतलं.

"खरं सांग. ती गेली की तू झोपशील."

"हो," मी म्हणालो. "आधी झोपेन. मग उठल्यावर काय, ते मला माहीत नाही."

मला वाटलं आता रडेल, पण ती म्हणाली, "चल, सरक. उद्याची अळूची पानं धुवायचीत," आणि मी सरकलो.

पांढऱ्या रविवारी सकाळी घरात प्रार्थना झाली नाही, कारण सगळे चर्चला आठलाच निघाले. फ्रॉकला इस्त्री, केसांना तेल, हरवलेला एक मोजा, यात सकाळ गेली. फोलोलेने केस घट्ट बांधून घेतले होते, टेकडीकडे पाठ करून. चर्चमध्ये तिचा नंबर बारावा. ती उठली, भिंतीला हात लावत पुढे गेली, माइकसमोर उभी राहिली. मी सगळ्या चार ओळी तिच्याबरोबर मनात म्हणत होतो. पहिल्या दोन आल्या, ओल्या कापसातून काढल्यासारख्या. मग ती थांबली. पाद्रीबुवांकडे पाहिलं, जरा उजवीकडे पाहिलं, बहुधा दुसऱ्या पाद्रीबुवांकडे.

"पुढचं मला येतं," ती माइकमध्ये म्हणाली. "पण जीभ जड झालीय." आणि जागेवर येऊन बसली.

चर्चमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बायका माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती नजर मला ओळखीची होती; ज्याचं झाड पोखरलं गेलंय त्या माणसाकडे मी तसंच बघतो. काका पुढच्या बाकावरून हळूच म्हणाले, "गुरुवारी पाद्रीबुवांची मेहुणी ऑकलंडला जातेय. तिच्याबरोबर पाठवू." फोलोलेने ते ऐकलं. ती मोज्याच्या काठाशी खेळत राहिली.

घरी पंगत तयार होती. भट्टीतलं डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दाट दुधात शिजवलेली अळूची पानं, शेवया, आणि बर्फात ठेवलेलं आइस्क्रीम. आमच्या घरची आणि शेजारची मिळून आठ पोरं केळीच्या पानांसमोर मांडी घालून बसली. आम्ही मोठे वाढायला उभे राहिलो. काका पंख्याने माश्या वारत होते, वर्षातून एकदा ते हे काम करतात आणि पोरं त्यांना मुद्दाम सांगतात, "आजोबा, इकडे एक राहिली."

फोलोलेचं पान खांबाजवळ होतं. ती खांबाला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. माकेरिता कंद वाढायला वाकली आणि वाढून झाल्यावर पानाच्या कडेला एक गोळी ठेवली. सकाळच्या गडबडीत राहिली होती.

तिच्या मागून ताई आल्या. त्यांनी डुकराचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला, आणि कमरेच्या पिशवीतून एक गोळी काढून पानावर ठेवली. ती जरा मोठी होती, पण रंग तोच.

मग सेफिनाकाकू शेवया घेऊन आल्या. "किती फिकी दिसतेय पोर," म्हणाल्या, आणि ब्लाउजमधून एक पाकीट काढून त्यातली गोळी फोलोलेच्या पेल्याशेजारी ठेवली.

त्यांच्या मागे मी होतो. माझ्या एका हातात आइस्क्रीमचं भांडं होतं आणि दुसऱ्या हातात गोळी. एरवी मी कचेरीतून आल्यावर देतो, कारण संध्याकाळची गोळी ती माझी, असं मी भाषणाच्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. रविवारी कचेरी नसते, म्हणून जेवणालाच देतो.

फोलोलेने डोळे उघडले. पानाकडे पाहिलं. बोटाने तिन्ही गोळ्या एका ओळीत लावल्या, मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि ओळीत जागा केली.

"आज सगळ्यांच्या एकदम?" तिने विचारलं.

काकांचा पंखा थांबला. "ते काय आहे?" ते म्हणाले. "पेपरमिंट?"

मी आइस्क्रीमचं भांडं खाली ठेवलं. "फोलो," मी म्हणालो, "रोज किती घेतेस?"

"जो देईल त्याची." ती जड जिभेने सावकाश बोलत होती, पण सगळं नीट आठवून. "सकाळी आई. मग सकाळची प्रार्थना झाली की आत्या. तू आलास की तू. जेवताना परत आई. आजी रोज नाही देत, मी फिकी असले तरच."

"आणि तू सगळ्या घेतेस?"

"मोठ्यांनी दिलेलं नाही म्हणायचं नसतं," फोलोले म्हणाली. "आणि तूच म्हणालास ना, जबाबदारी सगळ्यांची."

मी तिच्या पानासमोर बसलो. माझ्या डोक्यात वीस दिवसांत संपलेली पिशवी आली, मग माझं दीड पानी पत्र, क्रमांक घातलेलं. खिडकीतल्या बाईची ती नजर आता मला समजली. वहीतलं 'निष्कर्ष' आता सहज भरता आलं असतं.

"तुमच्याकडे कुठून आल्या?" मी विचारलं. विचारताना मी ताईंकडे नाही, खांबाकडे पाहिलं.

"लेपेकाच्या पुडक्यातून," ताई म्हणाल्या. "तिच्या शेजारणीच्या मुलाला हेच दुखणं. त्याचं औषध बदललं म्हणून उरलेला डबा तिने दिला. ऑकलंडचं औषध, मी म्हटलं, इथल्यापेक्षा चांगलंच असणार."

"माझा भाचा तालुक्याच्या दवाखान्यात आहे," सेफिनाकाकू हळू म्हणाल्या. "मी मागितल्या, त्याने दिल्या."

माकेरिता माझ्याकडे पाहत होती. "संध्याकाळची तू देत होतास?"

"तू देत होतीस?"

"मी आई आहे," ती म्हणाली.

मला ताईंना खूप काही म्हणायचं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य भाऊ बहिणीला म्हणू शकत नाही. शिवाय त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला स्वतःलाही लागू होतं. ताईच पुढे झाल्या. त्या वाकल्या. "यातली माझी कुठली?" त्यांनी विचारलं.

"मधली," फोलोले म्हणाली.

ताईंनी ती उचलली आणि पिशवीत ठेवली. मग काकूंनी आपली उचलली. मी माझी मुठीतच धरली होती. पानावर एक राहिली, तीही माकेरिताने उचलली, म्हणाली, "आज एकही नको. आधी डॉक्टर."

"मी आइस्क्रीम खाऊ का?" फोलोलेने विचारलं. "खाऊन मग जाते. गुरुवारी जायचंय ना मला? आज तरी खाऊ दे."

तिला कुणी गुरुवारबद्दल सांगितलं नव्हतं. आमच्या घराला भिंती नाहीत, हे मी आधीच म्हणालो आहे; चर्चमधल्या बाकांच्या मध्येही नसतात.

पाद्रीबुवांनी आपली गाडी दिली. निघताना ताईंनी पेटीतली बारीक विणीची चटई काढली, जी लग्नाला आणि मयतालाच बाहेर निघते, आणि मागच्या सीटवर फोलोलेखाली अंथरली. दवाखान्यात तरुण डॉक्टर नव्हती, दुसरे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांनी फोलोलेला त्यांच्या बोटाकडे पाहायला सांगितलं, चालायला सांगितलं, मग आमच्याकडे वळले. आम्ही पाच जण रांगेत उभे होतो.

"कुणी किती दिल्या?"

प्रत्येकाने आपला आकडा सांगितला, काकांनी शून्य. डॉक्टरांनी बेरीज केली, पेन खाली ठेवलं.

"दुखणं वाढलेलं नाही," ते म्हणाले. "औषध चढलंय. ते उतरलं की दोन पाद्री दिसायचे थांबतील. हे आणखी पंधरा दिवस चाललं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते आता म्हणत नाही." मग त्यांनी आमच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "बहुतेक घरांत गोळी द्यायची विसरतात. इथे प्रत्येकाच्या लक्षात राहिली."

तीन दिवस फोलोले तिथे होती. मंगळवारी ती सरळ चालली. बुधवारी तिने खिडकीतून पाहून सांगितलं की कुत्रा एकच आहे.

बुधवारी संध्याकाळी तिला घेऊन आम्ही घरी आलो. उद्याचा गुरुवार कुणीच रद्द केला नव्हता. मतईचा निर्णय आपोआप रद्द होत नाही, आणि मान मी हलवली होती. प्रार्थना झाली. मी काकांकडे बोलायची परवानगी मागितली. मागच्या वेळी मी छान बोललो होतो. या वेळी शब्द सापडेनात, आणि जे सापडले ते एकाला एक लागून येईनात.

"काका," मी म्हणालो. "ती... उद्या नको. म्हणजे उद्या नाही आणि मागाहूनही नाही. मी दमलोय, काका. म्हणून मान हलवली. औषधासाठी नव्हे, मी दमलो म्हणून तिला पाठवत होतो. तिला आमच्याकडेच राहू दे."

काका चटईची एक काडी ओढत राहिले. मला वाटलं, झालं. मग काका म्हणाले, "पाठवू म्हणालो होतो. कधी, ते म्हणालो नव्हतो."

"गुरुवारी म्हणाला होतात," सेफिनाकाकू म्हणाल्या.

"ते चर्चमध्ये," काका म्हणाले. "चर्चमध्ये मी बैठक घेत नाही." त्यांनी घसा साफ केला. "आणि गोळी आई देईल. फक्त आई. ती घरी नसली तर ज्याचं नाव ती सांगून जाईल, तो." ते ताईंकडे वळले, ताईंची संमती नसेल तर कुठलाही निर्णय आमच्याकडे अर्धाच असतो. "यानेता?"

ताईंनी पहिल्यांदाच बैठकीत मागे वळून झोपडीच्या दिशेने हाक मारली, "माकेरिता, इकडे येऊन बस. तुझं काम ठरतंय." माकेरिता ओल्या हातांनी आली आणि बसली. "मी देणार नाही," ताई तिला म्हणाल्या. "पण विचारीन. दिली का, एवढंच."

"विचारा," माकेरिता म्हणाली.

आता रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी आमच्या घरात पाच माणसं फोलोलेला विचारतात, "घेतली का?" समोरचा दुकानदारही विचारतो.

नोव्हेंबरात तिला पुन्हा फिट आली. दोन मिनिटांची, चटईवर, ठरवून दिल्यासारखी. आम्ही तिला कुशीवर वळवलं, ताईंनी घड्याळ पाहिलं, काकांनी शेजाऱ्यांना पुढे जायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, गोळी जरा बदलू, अजून दीड-दोन वर्षं आहेत. मी पट्टी अजून मनगटाला बांधतो आणि अजून झोपत नाही. कचेरीतल्या भुंग्यांना आता मी नावं दिली आहेत.

त्या फिटनंतरच्या रविवारी जेवणाआधी फोलोले उठली आणि कुणी न सांगता राहिलेल्या दोन ओळी म्हणून टाकल्या. घाईघाईने, कारण जेवण निवत होतं. पाद्री नव्हते, माइक नव्हता. काका आमेन म्हणाले. मग पोरं वाढायला उठली, कारण तो साधा रविवार होता.

तिने माझ्यासाठी कोको आणला. कप काठोकाठ भरलेला, वाफाळता. ती अंगणातल्या झोपडीपासून खांबापर्यंत चालत आली, पायरी चढली, दोन जणांच्या पायांवरून ओलांडून माझ्यासमोर बसली आणि कप दोन्ही हातांनी पुढे केला. मी बशीत पाहिलं. बशी कोरडी होती.

"घेतली," ती म्हणाली. "तू विचारायच्या आधीच सांगते."